सहाची एस. टी.

जुन्नरच्या आमच्या आत्याबाईंच्या घराला दोन बाजू आहेत. मागल्या पडवीत बसले की शिवनेरी दिसतो आणि पुढल्या ओट्यावर बसले की सगळी आळी. आत्याबाईंना पडवीत बसलेले मी क्वचितच पाहिले. "शिवनेरी कुठं पळून जातोय? आळीत मात्र घटकेघटकेला नवीन काही तरी होत असतं," असे त्यांचे म्हणणे. जिल्हा परिषदेच्या शाळांतून अडतीस वर्षे मुले वळलेल्या बाईंना माणसांची हाव असायचीच. यजमान जाऊन बारा वर्षे झालेली, मूलबाळ नाही, वय चौऱ्याहत्तर. पण आत्याबाई एकट्या राहतात हे आम्हा भाच्यांच्या कधी मनातच आले नव्हते. कारण सकाळी सातपासून त्यांच्या ओट्यावर कुणी ना कुणी बसलेले असायचेच. कुणी लग्नपत्रिका घेऊन, कुणी पोराची तक्रार घेऊन, कुणी नुसतेच.

२०२० सालच्या मार्चमध्ये तो ओटा रिकामा झाला.

२२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, २४ च्या रात्री आठ वाजता टाळेबंदीची घोषणा झाली आणि दुसऱ्याच दिवशी गुढीपाडवा होता. आता जुन्नर-आंबेगावकडे पाडवा म्हणजे काय, हे परक्याला सांगून समजायचे नाही. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. विठाबाईंचे गाव ते! गावोगावची पंचमंडळी येतात, घासाघीस होते, सुपाऱ्या दिल्या जातात आणि मग चैत्र-वैशाखात गावागावांतून जत्रा उठतात. मुंबईचा चाकरमानी येतो, माहेरवाशिणी येतात, ज्याचे वर्षभर तोंड पाहिले नाही असा भाऊबंदही येतो. त्या वर्षी राहुट्या गुंडाळल्या गेल्या. ओझरचा आणि लेण्याद्रीचा गणपती बंद, भीमाशंकर बंद, एस. टी. बंद. देवळांची दारे पुढे १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. म्हणजे एका पाडव्याला मिटलेली दुसऱ्या पाडव्याला!

आम्ही भाचे पुण्या-मुंबईहून आत्याबाईंना रोज फोन करीत होतो. आळीपाळीने करीत होतो आणि आपापली पाळी झाली की सुटल्यासारखे वाटत होते, हेही कबूल केले पाहिजे. बोलणे ठरलेले असे.

"आत्या, जेवलीस का?"

"हो रे, मघाशीच."

"काय केलं होतंस?"

"नेहमीचंच."

एक दिवस माझ्या मुलीने फोनवरच आत्याबाईंना चित्र दिसणारा फोन लावायला शिकवले. पहिल्याच दिवशी त्यांनी फोन हातात धरून सारे घर हिंडून दाखवले आणि त्यात स्वयंपाकघरही दिसले. शेगडी लख्ख. कुकर पालथा घातलेला, आत धूळ. कट्ट्यावर बिस्किटांचा पुडा आणि चहाचा एकच कप. मुलगी लहान, तिने विचारून टाकले, "आजी, तू स्वयंपाक करत नाहीस?" आत्याबाई म्हणाल्या, "एकटीसाठी कुकर कसला लावायचा गं?" मला ते ऐकू आले. सव्वा महिना आम्ही रोज विचारीत होतो आणि सव्वा महिना त्या चहा-बिस्किटांवर होत्या.

इथे वाचकांना वाटेल की मग भाच्याने पुढे होऊन काही तरी केले असेल. छे! मी एवढेच केले की त्यांना आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअॅपवरच्या गटात घातले. त्या गटात त्रेसष्ट माणसे. सकाळी फुलांची चित्रे, दुपारी काढ्यांच्या कृती, रात्री आज कोणत्या गावात किती रुग्ण सापडले त्याचे आकडे. त्रेसष्ट माणसांच्या मांडवात एक म्हातारी मुकाट्याने उठून गेली तर कुणाच्या ध्यानात येते? आठ दिवसांनी आत्याबाईंनी सांगितले, "मला त्या बाजारातून काढ. तिथं सगळे बोलतात आणि कुणी कुणाला विचारीत नाही."

त्यांना वाचवले ते भलत्याच माणसाने. मुंबईच्या डबेवाल्याने.

डबेवाल्यांचे कौतुक जगभर झाले, पण ही मंडळी येतात कुठून याची मुंबईकरांना फारशी कल्पना नसते. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ आणि लगतचे अकोले, संगमनेर इकडची ही माणसे. मार्चमध्ये डबे थांबले, मागोमाग लोकल थांबल्या. आत्याबाईंचा हा विद्यार्थी बायकोमुलांना आधीच गावी पोचवून मुंबईच्या खोलीत अडकला होता. मेच्या पहिल्या पंधरवड्यात पास मिळवून तो कसाबसा आंबेगाव तालुक्यातल्या आपल्या गावी पोचला, तर गावकऱ्यांनी वेशीवरूनच शाळेकडे वळवला. चौदा दिवस तिथेच राहायचे. बायको डबा आणून फाटकाशी ठेवणार आणि लांबून बघून परतणार. जन्मभर लोकांचे डबे पोचवलेल्या माणसावर ही पाळी!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने कुठून तरी नंबर मिळवून आत्याबाईंना फोन लावला. "बाई, वळखलं का? मी तुमच्याच वर्गात हाये बगा."

खरेच होते. आत्याबाईंनी ज्या खोलीत चौथीचा वर्ग घेतला, तीच खोली. त्याने फोन फिरवून दाखवली. तीच खिडकी, तोच फळा. फळ्यावर मार्चमधली तारीख अजून तशीच. आत्याबाई क्षणभर गप्प झाल्या आणि मग त्यांचा जुना आवाज लागला. "आधी फळा पूस. आजची तारीख घाल. आणि हे बघ, उद्या संध्याकाळी सातला मी हजेरी घेणार आहे. केस विंचरून बस."

डबेवाल्याने ही गंमत आणखी दोघातिघांना सांगितली. त्यांनी आणखी एक-दोघांना. व्हॉट्सअॅपवर पूर्वी एका वेळी चौघांनाच बोलता येत असे. एप्रिलच्या शेवटी ती संख्या आठ झाली होती. आठ पाने भरली आणि पंगत बसली. बाई धरून आठ. जास्त येतो म्हणणारे होते, पण आत्याबाईंनी दार लावून घेतले. मला भाचाबिचा म्हणून नव्हे, तर त्यांच्या फोनचा कारकून म्हणून जागा मिळाली.

त्या आठांची ओळख करून देतो, नावे नकोत. हजेरीत पहिला क्रमांक एका निवृत्त एस. टी. कंडक्टरचा. आत्याबाईंच्या अगदी पहिल्या वर्गातला, वय पासष्ट, विधुर, घोडेगावजवळच्या आपल्या घरात एकटा; मुले नवी मुंबईत माथाडी. आत्याबाई त्याला "अरे, नीट बस" म्हणत आणि तो नीट बसे. दुसरा डबेवाला. तिसरे पुण्यातले एक हिशेबनीस, अविवाहित, बंद सदनिकेत एकटे, पहिले चार दिवस "हजर" याखेरीज अक्षर न बोललेले. चौथी मुंबईच्या एका इस्पितळातली परिचारिका. घरच्यांना लागण नको म्हणून तिला ड्यूटीनंतर एका हॉटेलातल्या खोलीत ठेवले होते. पाचवा कुवेतमधला वीजतंत्री. तिकडे आपल्यापेक्षा घड्याळ अडीच तास मागे, म्हणून तो भर उन्हात हजेरी देई. सहावी बारावीत जाणारी एक मुलगी, आत्याबाईंच्या विद्यार्थ्याची नात, डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाडीतली. सातवा मी.

मुलगी घरात एकटी नव्हती, पण एकटी पडली होती. मंचरला वसतिगृहात राहून शिकणारी पोर वाडीत परत आली होती. कॉलेजचे वर्ग फोनवर आणि वाडीत रेंज नाही. रेंज मिळे ती वरच्या पठारावर, हिरड्याच्या झाडांपाशी. तिथवर अर्ध्या तासाची चढण. सातची हजेरी संपवून ती अंधारात खाली उतरते हे आत्याबाईंना पाचव्या दिवशी समजले. जुन्नर-आंबेगावात बिबट्याची गोष्ट कुणाला नव्याने सांगायला नको. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रच आहे. आत्याबाई आम्हा सगळ्यांवर उखडल्या. "तुम्हांला घरात बसून सात वाजता सोयीचं आहे म्हणून पोरीनं जिवावर उदार व्हायचं?" त्या दिवसापासून हजेरी सहाला आली, हिवाळ्यात पाचला. परिचारिकेने ड्यूटीची वेळ बदलून घेतली, हिशेबनिसांनी कचेरीचे काम मध्येच थांबवण्याची परवानगी काढली. आठ जणांनी आपले दिवस एका मुलीच्या पायवाटेवर बेतले. ही गोष्ट त्या वेळी कुणाला विशेष वाटली नाही.

नियम थोडेच होते. रुग्णांचे आकडे बोलायचे नाहीत. आलेला निरोप पुढे ढकलायचा नाही. आणि दुपारचे ताट दाखवायचे. म्हणजे ताट वाढले की त्याचा फोटो काढून ठेवायचा आणि सहाला समोर धरायचा. हा नियम मीच मुद्दाम सुचवला होता, त्याचे कारण वर आलेच आहे. आत्याबाईंनी पहिल्या दिवशी माझ्याकडे रोखून पाहिले, पण नियम म्हणजे नियम. दुसऱ्या दिवशी कुकर लागला. पंधरा दिवसांत मासवड्या झाल्या. मासवडी एकटीसाठी करणे हा केवढा खटाटोप, ते आमच्याकडच्या बायका जाणतात. कुवेतच्या गड्याने त्या फोटोकडे पाहून असा काही सुस्कारा टाकला की हिशेबनीस हसले. त्यांचा पहिला आवाज आम्ही ऐकला तो असा.

प्रत्येकाने रोज काही तरी सांगायचे, हीही एक रीत होती. कंडक्टरची पाळी आली तेव्हा तो अवघडला. "बाई, मला गोष्टीबिष्टी येत न्हाईत. मला फक्त गाड्या येतात."

"मग गाडी सांग."

त्याने घसा साफ केला आणि फलाटावर उभा असल्यासारखी हाळी दिली. "चला, मंचर-भीमाशंकर! घोडेगाव, शिनोली, डिंभे, पोखरी, तळेघर... पुढं सरकून घ्या!" मग तोंडाने घंटी. टिंग टिंग. कुणी तरी "एक घोडेगाव" म्हणून तिकीट मागितले. डबेवाल्याने खिडकीची जागा अडवली म्हणून भांडण काढले. परिचारिकेला खिडकीतून पोखरीचा घाट दिसू लागला. अडीच महिने ज्यांनी घराचा उंबरा ओलांडला नव्हता अशी आठ माणसे तासाभराने भीमाशंकरला उतरली.

त्यानंतर रोज गाडी सुटू लागली. ते नुसते थांब्यांचे नाव घेणे नव्हते. बत्तीस वर्षे ज्याने बेल मारली त्याला प्रत्येक थांब्याचे माणूस ठाऊक. इथे एक म्हातारी कोंबडी घेऊन चढायची आणि कोंबडीचे अर्धे तिकीट काढू का विचारायची. तिथे एका मास्तरांची टोपी वाऱ्याने उडाली आणि ड्रायव्हरने गाडी मागे घेतली. ऐकणाराने आपली भर घालायची. कुवेतवाल्याला वाटेतला उसाच्या रसाचा गुऱ्हाळवाला आठवे, आत्याबाईंना बदलीच्या गावांची नावे. सांगणारा एक आणि प्रवासी सात. पण प्रत्येकाला काही तरी काम होते, हे महत्त्वाचे. नुसते एकमेकांची तोंडे पाहत बसा म्हटले असते तर चौथ्या दिवशी पंगत उठली असती. तसे उठलेले गट मी पुष्कळ पाहिले.

त्यांतला एक प्रवास सांगतो. जुलै महिना असेल. परिचारिका त्या दिवशी खोलीत आली ती भिंतीला टेकून बसली, "हजर" म्हणाली आणि गप्प. इस्पितळातले ती कधी सांगत नसे, आम्हीही विचारीत नसू. थोड्या वेळाने म्हणाली, "काका, आज कल्याणहून इकडं घेऊन चला."

कंडक्टरने काही न विचारता बेल मारली. कल्याण, मुरबाड, टोकावडे. पावसाळ्याचे दिवस, म्हणून त्याने काचा लावून घ्यायला सांगितल्या. मग माळशेजचा घाट लागला. धुक्यात पिवळे दिवे लावून गाडी कशी चढते, कड्यावरचे पाणी टपावर कसे पडते, बोगद्यात शिरताना पोरे कशी ओरडतात, हे तो हळूहळू सांगत होता. सांगता सांगता त्याचा आवाज आणखी खाली आला. आम्ही पाहिले तर परिचारिकेची मान खांद्यावर कलंडली होती. तोंडावर मुखपट्टीचा लाल वळ तसाच. ती झोपली होती.

कंडक्टर थांबला. पुढे मढ होते, ओतूर होते, आळेफाटा होता. पण त्याने बेल मारली नाही. कुणी फोन ठेवला नाही. पाऊण तास आम्ही सात जण माळशेज घाटात गाडी उभी करून बसलो होतो. मुलीच्या वाटेवर अंधार पडायला लागला तेव्हा आत्याबाईंनी तिला खुणेने "जा" म्हटले आणि ती एकटीच तेवढी उतरली.

या प्रकरणात तंत्राचाही थोडा भाग आहे. त्या वर्षी २२ ऑगस्टला गणपती बसले. आम्ही ठरवले, आठ घरांत एकदम आरती म्हणायची. काय सांगावे! टाळ एकीकडे, शब्द दुसरीकडे. कुवेतचा माणूस आमच्या मागून येणार, त्याच्या कानावर आम्ही त्याच्या मागून जाणार. दुसऱ्या कडव्याला आरतीचे भांडण झाले. कारण सोपे आहे. आवाज एका फोनातून निघून दुसऱ्यात पोचायला सेकंदाचा काही हिस्सा लागतो. बोलण्यात तो कळत नाही, तालात मात्र लगेच कळतो. म्हणून अशा ठिकाणी एकाने म्हणावे आणि बाकीच्यांनी आवाज बंद करून आपापल्या घरात म्हणावे, हाच मार्ग.

आत्याबाईंना त्यावरून आर्वी आठवली. नारायणगावजवळच्या आर्वीला १९७१ च्या फेब्रुवारीत देशातले पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. जवळजवळ तीस मीटर व्यासाची तबकडी! पुढच्या वर्षी तिचे पोस्टाचे तिकीट निघाले. आत्याबाई तेव्हा पंचवीस वर्षांच्या. चौथीच्या मुलांना घेऊन त्या लांबून तबकडी पाहायला गेल्या होत्या. तो उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर उंचावर. शब्द वर जाऊन खाली यायला पाव सेकंद. त्या काळी परदेशी फोन लावणारा माणूस "हॅलो" म्हणून थांबायचा, उत्तर येत नाही म्हणून पुन्हा "हॅलो" म्हणायचा आणि दोन्हीकडची हॅलो वाटेत एकमेकांवर आदळायची. आता आपली बोलणी बहुतेक समुद्राखालच्या तारांतून जातात, म्हणून उशीर कमी. त्याच तालुक्यात खोडदला पंचेचाळीस मीटरच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ती बोलत नाही, नुसती ऐकते; कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी ऐकते. ती उभारणारे डॉ. गोविंद स्वरूप त्याच वर्षी ७ सप्टेंबरला पुण्यात वारले. ज्या मुलखातून देशाने उपग्रहाद्वारे परदेशाशी बोलणे केले आणि जिथून माणूस आकाशगंगेपलीकडचे ऐकतो, त्याच मुलखात आमच्या मुलीला हजेरी द्यायला डोंगर चढावा लागत होता.

आणि तंत्राची दुसरी बाजू आम्हांला त्याआधीच कळून चुकली होती. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर चढले आणि घाट ओलांडून आले. जुन्नर-आंबेगावात विजेचे खांब आडवे झाले, घरांची पत्रे-कौले उडाली, हरितगृहे भुईसपाट झाली, हिरड्याची जुनी झाडे मुळासकट गेली. त्या संध्याकाळी हजेरीला चार जण. आत्याबाई नाहीत, कंडक्टर नाही, डबेवाला नाही, मुलगी नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तेवीस दिवसांची सवय, पण सहा वाजता त्या रिकाम्या चौकटी पाहून पोटात खड्डा पडला. मी पुण्यातून निघायचे म्हटले तर पास हवा. आळीतल्या ज्या ज्या माणसाचा नंबर होता, त्याचा फोन मुका. परिचारिकेने मुंबईहून, कुवेतच्या गड्याने कुवेतहून फोनांचा धडाका लावला. शेवटी बातमी आणली ती दुधाच्या टेम्पोवाल्याने. त्याला नारायणगावात रेंज मिळाली आणि त्याने सांगितले, "बाई ठीक हायेत. निम्मी कौलं गेली. तुम्हांला सांगा म्हनल्या, हजेरी मांडून ठेवा."

वीज आल्यावर आत्याबाईंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे शेजारच्या भिंतीपलीकडच्या बाईंशी बोली केली. गेली सहा वर्षे एका पन्हाळीच्या पाण्यावरून त्या दोघींचे बोलणे बंद होते. आता ठरले की, फोन लागो न लागो, रोज सकाळी आत्याबाईंनी भिंतीवर तांब्या ठेवायचा. तांब्या दिसला नाही की पलीकडून हाक. कुवेतपर्यंत आवाज पोचवणाऱ्या यंत्राच्या जोडीला हा तांब्या अखेरपर्यंत राहिला.

त्या वर्षी ब्रिटनमध्ये एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री आहे हे मी हजेरीत सांगितले. ते पद २०१८ सालीच केले होते. पुढे २०२१ मध्ये जपाननेही केले. आत्याबाईंनी विचारले, "मंत्री रोज सहाला येतो का?"

३० जुलैला गाडी डिंभ्याहून अडिवऱ्याकडे वळली. आम्हांला वाटले, रोजच्यासारखी मजा. माळीणपाशी कंडक्टरने एक बेल मारली, थांबण्याची. २०१४ साली त्याच तारखेला सकाळी डोंगर खाली आला आणि माळीण गाडले गेले. दीडशेवर माणसे गेली. चिखलाखाली गाव दिसत नाही हे पहिल्यांदा एका एस. टी. च्या ड्रायव्हरच्या लक्षात आले, हे पुष्कळांना ठाऊक आहे. आमच्या कंडक्टरने तेवढेच सांगितले की त्या गावात उतरणाऱ्या माणसांची त्याला तोंडे पाठ होती. दोन मिनिटांनी त्याने दोन घंट्या दिल्या आणि गाडी पुढे गेली.

अधिक महिना आला, तोही आश्विनाचा. जावयाला वाण द्यायचा महिना आणि जावई वाटेतच अडकलेले. मग १७ ऑक्टोबरला नवरात्र बसले आणि भोंडल्याची टूम निघाली. पाटावर हत्ती काढला आत्याबाईंनी, फेर धरला मुलीने पठारावर एकटीने, फोन हिरड्याच्या बुंध्याला टेकवून. आरतीत जे जमले नाही ते भोंडल्यात जमले, कारण गाणे एकीने म्हणायचे ठरले होते. पण खरा रंग भरला खिरापतीत. खिरापतीचा डबा हलवायचा आणि आवाजावरून ओळखायचे. ही जुनी रीत तर जणू फोनसाठीच निघाली होती! कुवेतच्या गड्याने डबा हलवला तो कुणालाच ओळखेना. तिकडचे खजूर होते, बिया काढलेले. आवाज येणार कुठून?

२०२१ चा एप्रिल. दुसरी लाट. याविषयी मी थोडक्यातच लिहिणार आहे. कंडक्टर दोन दिवस हजेरीला खोकत होता. तिसऱ्या दिवशी परिचारिकेने त्याला बोटाला लावायचे यंत्र आणवून आकडा दाखवायला लावला आणि तिचा चेहरा बदलला. त्याच संध्याकाळी तिने आणि डबेवाल्याने धावपळ करून गाडी पाठवली; ऑक्सिजनची खाट मिळाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. नऊ दिवसांनी तो गेला. पोहोचवायला आम्हांपैकी कुणीही नव्हते, कुणाला जाताच येत नव्हते.

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी हजेरी घेतली. "एक" म्हणाल्या, थांबल्या आणि "दोन" म्हणाल्या. गाडी निघाली नाही. पुढे तीन आठवडे ती निघाली नाही. आम्ही ताटे दाखवीत होतो आणि फोन ठेवीत होतो.

मग एक दिवस परिचारिका म्हणाली, "बाई, मला झोप येत नाही. घाटातनं न्या." डबेवाल्याने धीर करून बेल मारली. पण त्याला सायकलीचे रस्ते ठाऊक, गाडीचे नव्हेत. मुरबाडनंतर तो अडखळला. तेवढ्यात पठारावरून मुलीचा आवाज आला, "टोकावडे. तिथं चहावाला म्हातारा चढतो, किटली घेऊन." तिच्या हातात वही होती. कंडक्टरचे सारे प्रवास तिने थांब्यांसकट, माणसांसकट उतरून ठेवले होते. वरती रेंज येईपर्यंत बसून राहावे लागे, त्या वेळात लिहीत होते, म्हणाली.

त्या वर्षीच्या भाऊबिजेला, ६ नोव्हेंबरला, आम्ही प्रथमच एकत्र जमलो, आत्याबाईंच्या ओट्यावर. लसी झाल्या होत्या. एस. टी. कामगारांचा संप सुरू झालेला, गाड्यांचा भरवसा नव्हता. म्हणून आम्ही सगळे खाजगी वाहनांनी आलो, याची हळहळ डबेवाल्याने तीनदा बोलून दाखवली. कंडक्टरचा थोरला मुलगाही आला होता. हिशेबनिसांना मी चेहऱ्याने ओळखत होतो, पण ते सहा फूट उंच असतील असे स्वप्नातही वाटले नव्हते. आणि मौज अशी की दीड वर्ष रोज बोललेल्या माणसांना समोरासमोर बोलायला काही सुचेना. "चकली छान झाली आहे." "हो, भाजणी घरची." असे चालले होते. हात कुठे ठेवावेत तेही कळत नव्हते.

हिवाळ्याची वेळ, पाच वाजले. मुलगी सवयीने उठली आणि फोन उंच धरून ओट्याच्या टोकाशी रेंज शोधू लागली. सगळे हसले. तेव्हा कुठे गाठ सुटली. तिने पिशवीतून वही काढली आणि म्हणाली, "बाई, आज कुठं जायचं?"

आत्याबाईंनी भरल्या ओट्याकडे पाहिले. भिंतीवरून शेजारच्या बाईही डोकावत होत्या. "कुठं नको," त्या म्हणाल्या. "आज गाडी डेपोत राहू दे. फराळ करा."

एवढ्यात मधोमध ठेवलेल्या फोनमधून कुवेतचा आवाज आला. "बाई, तुम्ही सगळे पोचला. माझं काय? मी तिकीट काढून बसलोय."

आत्याबाईंनी कंडक्टरच्या मुलाकडे पाहिले. त्याने दोन घंट्या दिल्या.